सेवेतही भागीदारीपत्र हवे
कर्जत-खालापूरच्या अनुभवावरून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

दोन माणसे भागीदारीत दुकान काढतात तेव्हा पहिल्याच दिवशी काही गोष्टी ठरवून घेतात. भांडवल कोणाचे किती, गल्ल्यावर कोण बसणार, माल आणायला कोण जाणार, तोटा आला तर कोणी किती सोसायचा, हे सारे कागदावर येते. भागीदार सख्खे भाऊ असले तरी लिहितात. किंबहुना भावाभावांचे नाते टिकावे म्हणूनच लिहितात.

परंतु हीच माणसे संस्थेच्या नावाने पूरग्रस्तांच्या, दरडग्रस्तांच्या मदतीला निघतात तेव्हा असा कोणताही कागद होत नाही. तीन संस्था तीन टेम्पो घेऊन एकाच वस्तीत पोचतात. तिन्ही टेम्पोंत तांदूळ आणि चादरी असतात, आणि पलीकडच्या वाडीत कोणीच फिरकत नाही. नियत तिघांचीही चांगली असते. कमी पडतो तो व्यवहार. आमच्या मते हा व्यवहार समाजसेवेला शिकवू शकेल असा एक वर्ग आहे, तो म्हणजे व्यापारी आणि कारागीर. रायगड जिल्ह्याच्या आतल्या बाजूचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या बाबतीत बरेच काही सांगून जातात, म्हणून आज त्यांचा विचार करू.

घाटातील कामाची वाटणी

खोपोलीजवळचा बोरघाट म्हणजे मुंबई-पुणे मालवाहतुकीचा गळा. ज्यांचा माल ट्रकने जातो-येतो त्यांना या घाटाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. येथे अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेली नावे एकत्र वाचावयास मिळतात. महामार्ग पोलीस, खोपोली पोलीस, आयआरबीची यंत्रणा, देवदूत पथक आणि त्यांच्या बरोबरीने ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ ही खोपोलीची सामाजिक संस्था. यांत कोणी सरकारी, कोणी कंत्राटी, तर कोणी पदरमोड करून धावणारे. पगार वेगळे, वरिष्ठ वेगळे. तरीही रस्त्यावर ते एका कामाचे भागीदार असतात.

दि. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबा मंदिराजवळ एक बस दरीत कोसळली. गोरेगावच्या वादक पथकाची ४० हून अधिक मुले-मोठी माणसे पुण्याकडून परतत होती. त्यांतील १३ जण मृत्यू पावले. अशा वेळी काय लागते ते पाहावे. दरीत दोर लावून उतरायला गिर्यारोहणाचा सराव असलेले तरुण लागतात. ते काम क्रेनवाल्याचे नव्हे. चेपलेला पत्रा कापायला कटर चालविणारा हात लागतो. ते काम पोलिसाचे नव्हे. जखमीला वर आणले की रुग्णवाहिका तयार हवी, आणि रुग्णवाहिका निघाली की कोणत्या रुग्णालयात जागा आहे हे कोणीतरी आधी विचारून ठेवलेले हवे. या साखळीतला एक जरी दुवा म्हणाला की, “सगळे आम्हीच करतो,” तर जखमी माणूस मध्येच अडकतो.

येथे सहकार्याचा अर्थ सगळ्यांनी एकाच वेळी एकच काम करणे असा होत नाही. प्रत्येकाने आपले काम करून जखमीला पुढच्याच्या हाती नीट सोपवायचे, असा होतो. आपल्या धंद्यात विणणारा, रंगविणारा आणि विकणारा एकमेकांच्या हाती माल सोपवतात, तसेच हे.

इर्शाळवाडीची रात्र

त्याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांनी, दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. नोंदीप्रमाणे वाडीची लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि दि. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले.

वाडीवर जायला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून दीड-दोन तासांची चढण, वरून पाऊस आणि दाट धुके. हेलिकॉप्टर सज्ज असूनही हवामानामुळे उडू शकले नाही. माती उपसणारी यंत्रे वर चढविता आली नाहीत. फावडी, कुदळी आणि हात एवढ्यावरच काम करावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होते, पण त्यांना वाट दाखवायला गडाच्या पायवाटा पावसाळ्यातही चालून गेलेली माणसे लागली. आसपासच्या गावांतले गावकरी आणि खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी गिर्यारोहकांची मंडळे येथे उपयोगी पडली. चढण किती जीवघेणी होती याची साक्ष म्हणजे मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराने मृत्यू झाला.

या प्रसंगातून संस्थांनी शिकण्यासारखी पहिली गोष्ट अशी की, पहिल्या रात्री उपयोगी पडतो तो जवळचा, सराव असलेला आणि ओळखीचा माणूस. मुंबईहून, ठाण्याहून येणारी मोठी संस्था पैसा आणू शकते, पण पायवाट आणू शकत नाही. म्हणून दूरच्या संस्थेने जवळच्या संस्थेमागे उभे राहावे, तिच्या पुढे नव्हे. भांडवलदाराने कारागिराच्या हातातली हातोडी ओढून घेऊ नये, तसेच हे आहे.

गर्दी ओसरल्यानंतर

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्यानंतरची. दरडीची बातमी पहिल्या पानावर असते तोवर मदतीचा ओघ असतो. बातमी आत गेली की ओघ आटतो. खरे काम मात्र तेव्हाच सुरू होते. वाचलेल्या कुटुंबांना आधी कंटेनरमधील निवाऱ्यात राहावे लागले. पुढे सिडकोमार्फत चौकजवळ त्यांच्यासाठी ४४ घरांची वसाहत बांधण्यात आली. घर बांधणे हे शासनाचे काम. पण घरासोबत माणसाला शिधापत्रिका लागते, बँकेचे पुस्तक लागते, मुलांना शाळेत पोचविणारे कोणी लागते आणि गडावरची शेती व रानमेवा सुटल्यावर रोजगार लागतो. ही कामे टेम्पोने होत नाहीत. त्यांना दर आठवड्याला ठरलेल्या वारी येणारा माणूस लागतो.

अशा वेळी पाच संस्थांनी आपसांत कामे वाटून घ्यावीत. एकीने कागदपत्रे, दुसरीने शिक्षण, तिसरीने औषधोपचार, चौथीने हातांना काम. पाचव्या संस्थेने काहीच न करता पहिल्या चौघींचा हिशेब तपासला तरी ती मोठी सेवा होय.

हातांना काम द्यायचे कसे, याचा नमुना खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यात आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर तारा येथे १९६१ साली स्थापन झालेली यूसुफ मेहेरअली सेंटर ही संस्था काम करीत आली. ज्यांच्या नावाने ती आहे ते यूसुफ मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. या संस्थेने तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग चालविले. मदत वाटून संपते. घाणी फिरत राहते तोवर घरात मजुरी येत राहते.

आमचीच एक चूक

दुसऱ्यांना शिकवण्यापूर्वी आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला तेव्हा आम्हीही माल गोळा करणाऱ्यांत होतो. चादरी आणि कपडे यांचा ढीग जमला. गाडीवर कोणाचा फलक लावायचा यावर अर्धा दिवस गेला. पोचल्यावर पाहतो तर घराघरांत, दुकानांत गुडघाभर चिखल. लोकांना हवी होती फावडी, घमेली, खराटे, फिनेल आणि चिखल उपसणारे हात. आमचे जुने कपडे रस्त्याच्या कडेला भिजत पडले. निघण्यापूर्वी तेथील एका दुकानदाराला दूरध्वनी केला असता तर पाच मिनिटांत कळले असते. मागणी न विचारता माल भरणारा व्यापारी बुडतो, हे आम्हाला दुकानात कळत होते. मदत करताना आम्ही ते विसरलो.

संस्थेच्या आतले सहकार्य

दोन संस्थांचे जमत नाही याचे मूळ पुष्कळदा एका संस्थेच्या आत सापडते. अध्यक्षांनाच सगळे ठाऊक, खजिनदाराकडे पावतीपुस्तक पण बँकेतली शिल्लक ठाऊक नाही, तरुण मुले गाड्या भरतात पण त्यांना निर्णय विचारला जात नाही. अशा संस्थेचा माणूस दुसऱ्या संस्थेच्या बैठकीला गेला की म्हणतो, “विचारून सांगतो.” तोवर दोन दिवस जातात.

म्हणून प्रत्येक संस्थेने तीन कामांसाठी तीन वेगळी माणसे नेमावीत. पैशाचा एक, मालाचा एक, आणि बाहेरच्या संस्थांशी बोलणारा एक. या तिसऱ्याला ठराविक रकमेपर्यंत जागच्या जागी होकार देण्याचा अधिकार द्यावा. मोठ्या पेढीचा मुनीम शेठला न विचारता काही सौदे करतो, कारण मर्यादा आधीच ठरलेली असते.

आणखी एक गोष्ट. निवाऱ्यातल्या स्त्रियांच्या गरजा पुरुष कार्यकर्त्याला सांगितल्या जात नाहीत. शिवणकाम करणाऱ्या, बचत गट चालविणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रिया कार्यकारिणीत नसतील तर निम्म्या गरजा यादीत येणारच नाहीत.

कोठीचा जुना धडा

या भागाला सहकार्य नवे नाही. माथेरानचे भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात, म्हणजे कारागीर घरात झाला. वकील झालेल्या या तरुणाने कर्जत परिसरातील शेतकरी व आदिवासींसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठी सुरू केली. पुढे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना हौतात्म्य आले. ते सर्वांना ठाऊक आहे. कोठीकडे मात्र कमी लोकांचे लक्ष जाते.

कोठीची गरज का पडली? पावसाळ्यात आदिवासींच्या घरचे धान्य संपे. मग खावटी म्हणून धान्य उधार घ्यावे आणि पीक आले की ते भरमसाट वाढीने फेडावे. उधार देणाऱ्यांत सावकार होते, तसे दुकानदारही होते. हे आपण व्यापाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करावे. कोठीत सगळ्यांनी सुगीत थोडे धान्य टाकायचे, अडचणीत न्यायचे आणि बेताच्या वाढीने परत करायचे. वाढ सावकाराच्या घरी न जाता कोठीतच राहते. पुढच्या काळात कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँकांचे काम उभे केले, आणि १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनेही ग्राम धान्यबँकांची योजना आणली.

कोठी चालते ती तीन गोष्टींवर. माप एकच, वही सर्वांसमोर उघडी, आणि किल्ली एकाच्या हाती पण हिशेब दुसऱ्याच्या. संस्थांच्या सहकार्यालाही याच तीन गोष्टी लागतात.

बाहेरचे दोन दाखले

गुजरातमधील कच्छमध्ये १९९८ च्या चक्रीवादळानंतर स्थानिक संस्थांनी कच्छ नवनिर्माण अभियान या नावाने एक जाळे विणले. त्यामुळे २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तेव्हा एकत्र बसण्याची सवय आधीच होती. अभियानाने काही गावांमागे एक अशी ‘सेतू’ केंद्रे काढली. कोणत्या गावाला काय हवे याची माहिती केंद्रावर मिळे आणि बाहेरून आलेल्या संस्था तेथे विचारून पुढे जात. सेतू केंद्र म्हणजे दुसरे काही नसून चांगली आडत होय. गरज आणि माल यांची गाठ घालून देणारी जागा.

दुसरा दाखला मापाचा. जगातील मदत संस्थांनी १९९७ पासून ‘स्फिअर’ या नावाने मदतीची किमान मापे ठरविण्याचे काम हाती घेतले. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा, अशी ती मापे आहेत. माप ठरलेले असले की “आम्ही जास्त दिले, तुम्ही कमी दिले” हा वाद उरत नाही.

कायद्याच्या चार गोष्टी

पहिली : नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक वर्गणी गोळा करावयाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवर, तिच्या नावाने काम करणे सोपे.

दुसरी : आयकरात सवलत मागणाऱ्या देणगीदाराने २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख देऊ नये. रोख दिल्यास त्यावर सवलत मिळत नाही. ही मर्यादा २०१७ साली आली.

तिसरी : परदेशी पैशाची. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. त्यामुळे पैसा एकीकडे आणि काम दुसरीकडे अशी जुनी वाटणी परदेशी पैशात चालणार नाही. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम परदेशी देणगी समजली जात नाही. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे अशा नातलगाच्या देणगीला हा कायदा लागतो. कोकणातल्या घराघरांत असे नातलग आहेत, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

चौथी : २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असते आणि तालुक्यात तहसीलदार कार्यालय हा दुवा असतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. संस्थांनी आपली यादी आधीच तहसील कार्यालयात देऊन ठेवावी. आपत्तीच्या दिवशी ओळख करून देण्यास कोणाला सवड नसते.

आता काय करावे

आमची सूचना साधी आहे. नेरळ, कर्जत, खोपोली, चौक येथील व्यापारी, कारागीर आणि जमातींच्या मंडळींनी, आपल्या शेजारच्या इतर समाजांच्या संस्थांना बोलावून, मे महिना संपण्यापूर्वी एकदा एकत्र बसावे. दरड कोणाची जात-जमात विचारून येत नाही, म्हणून बैठकही एकट्याची नसावी. बैठकीत दोनच कागद तयार करावेत.

पहिला कागद म्हणजे हातांची आणि मालाची यादी. ताडपत्री कोणाच्या दुकानात, जनरेटर कोणाकडे, गॅसकटर कोणाच्या गॅरेजमध्ये, पिकअप गाडी आणि घाटात चालविणारा चालक कोण, सुतार कोण, वेल्डर कोण, वायरमन कोण, शिलाई यंत्र किती घरांत, आणि गडाच्या वाटा ठाऊक असलेले तरुण कोण. कारागिराने पाच रुपये देण्यापेक्षा दोन दिवसांची मजुरी दिली तर तिचे मोल कितीतरी अधिक असते.

दुसरा कागद म्हणजे भागीदारीपत्र. एका पानाचे पुरे. कोणती संस्था कोणते काम करील; माल उतरविण्याचे गुदाम एकच कोणते; आवक-जावक वही कोण लिहील; गावात बोलणारा माणूस कोण; शिल्लक राहिलेली रक्कम कोठे जाईल. फलकाचा प्रश्नही येथेच निकालात काढावा. एक तर सर्वांची नावे, नाही तर कोणाचेच नाही.

जकातीची रक्कम आणि सर्वसाधारण देणगी यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण जकात कोणाला देता येते याचे नियम ठरलेले आहेत. त्या पैशातून गाडीभाडे आणि मंडपाचा खर्च भागविण्याचा मोह टाळावा. असा खर्च देणगीतून करावा आणि तोही लिहावा. काम संपल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण हिशेब बाजारात, मस्जिदीच्या फलकावर आणि इतर संस्थांच्या कार्यालयांत लावावा. दुसऱ्याचा पैसा ही अमानत आहे, हे मनात असून भागत नाही. ते फलकावर दिसले पाहिजे. ज्या संस्थेचा हिशेब दिसतो तिच्याशी दुसरी संस्था हातमिळवणी करायला कचरत नाही.

यात खर्च तो काय? एक वही, थोडे कागद आणि एका संध्याकाळचा वेळ. इर्शाळवाडीची दरड रात्री कोसळली. त्या वेळी कोणाला दूरध्वनी करायचा हे ज्यांना आधीच ठाऊक होते तेच निघू शकले. पुढच्या वेळी तो दूरध्वनी आपल्यापैकी कोणाला येईल, आणि तो उचलणारा कोण असेल, हे नाव पावसाळ्यापूर्वीच वहीत लिहून ठेवू या.